मराठी संकेतस्थळ शोधात वर कसे आणावे : देवगडच्या एका आंबा बागायतदाराच्या निमित्ताने

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदाराचे संकेतस्थळ गेली काही वर्षे मी सांभाळतो. मार्चपासून मेअखेरपर्यंत हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाच्या घरी पोचवाव्यात आणि मधली अडत वाचवावी, एवढ्यासाठी ते काढलेले होते. पहिल्या हंगामात त्यावरून एकही मागणी आली नाही. बागेचे नाव गूगलमध्ये टाकले की ते दिसत असे; परंतु ज्याला बागेचे नाव ठाऊक आहे तो ग्राहक फोनच करतो, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. पुढच्या दोन हंगामांत जी कामे केली, त्यांतील कोणती उपयोगी पडली आणि कोणती निव्वळ वेळ खाऊन गेली, हे येथे क्रमाने सांगतो. उदाहरणे आंब्याची असली तरी पैठणी, कोकणातील घरगुती निवास, शिकवणी किंवा दिवाळी अंकांची विक्री, यांपैकी कशालाही हीच पद्धत लागू पडते.

सर्च इंजिनचे काम तीन टप्प्यांत चालते, आणि हा क्रम लक्षात ठेवला नाही तर श्रम भलतीकडे खर्ची पडतात. आधी त्याचा क्रॉलर, म्हणजे दुव्यांवरून दुव्यांवर फिरणारा प्रोग्रॅम, पान वाचून नेतो. मग त्या पानात काय आहे ते समजून घेऊन त्याची नोंद इंडेक्समध्ये, म्हणजे प्रचंड मोठ्या सूचीत, केली जाते. आणि कोणी काही शोधले की त्या सूचीतून निवड करून क्रम लावला जातो. एसइओ, म्हणजे संकेतस्थळ शोधनिकालात वर आणण्याची सेवा, विकणारे बहुतेक जण तिसऱ्या टप्प्याबद्दल बोलतात. मराठी संकेतस्थळे अडकतात ती मात्र बहुधा पहिल्या दोन टप्प्यांतच.

पान सूचीत आहे का?

पहिली तपासणी एका मिनिटाची आहे. गूगलच्या शोधचौकटीत रोमन अक्षरांत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि मध्ये जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. सूचीत असलेली पाने ढोबळमानाने समोर येतात. तपशील हवा असेल तर गूगल सर्च कन्सोल या मोफत सेवेत संकेतस्थळाची मालकी सिद्ध करावी लागते. त्यासाठी डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाच्या, नोंदींमध्ये एक लहानसा मजकूर घालावा लागतो, आणि ज्याच्याकडून डोमेन घेतले तो हे काम करून देतो. सर्च कन्सोलमध्ये कोणत्याही पानाचा पत्ता टाकून ते सूचीत आहे की नाही, नसल्यास कशामुळे नाही, हे पाहता येते.

आमच्या बाबतीत कारण लाजिरवाणे होते. वर्डप्रेसच्या, म्हणजे ज्यावर हे संकेतस्थळ उभे केले त्या साधनाच्या, सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या भागात, शोधयंत्रांनी या संकेतस्थळाची नोंद घेऊ नये, अशी विनंती करणारी एक चौकट असते. काम चालू असताना अर्धवट पाने कोणाला दिसू नयेत म्हणून मी तिच्यावर खूण केली होती आणि नंतर ती काढायला विसरलो. मुखपृष्ठ त्याआधीच सूचीत गेले होते म्हणून बागेच्या नावाने ते तेवढे सापडत राहिले. बाकीची पाने मात्र जवळपास संपूर्ण फेब्रुवारी, म्हणजे आगाऊ नोंदणीचा नेमका महिना, सूचीबाहेर राहिली. ती चूक माझीच होती, आणि तेव्हापासून कोणत्याही संकेतस्थळाच्या तपासणीची सुरुवात मी या चौकटीपासून करतो.

येथे दोन गोष्टींचा घोळ नेहमी होतो. रोबोट्स नावाची जी साधी मजकूर फाइल संकेतस्थळाच्या मुळाशी असते, ती क्रॉलरला कोठे जाऊ नये हे सांगते. नोइंडेक्स हा शेरा पानाच्या आत असतो आणि पान वाचा पण सूचीत घालू नका, असे सांगतो. एखादे पान रोबोट्स फाइलने अडवले तर यंत्र ते उघडतच नाही, त्यामुळे आतला नोइंडेक्सचा शेरा त्याला दिसत नाही, आणि बाहेरच्या दुव्यांच्या आधारे त्या पानाचा नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. म्हणून पान खरोखर लपवायचे असेल तर नोइंडेक्स लावावा आणि रस्ता मोकळा ठेवावा.

साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, सर्च कन्सोलमध्ये एकदा देऊन ठेवावी. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते बसतात. चाळीस पानांच्या संकेतस्थळाने त्याची अधिक चिंता करण्याचे कारण नाही. बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनसाठी अशीच वेगळी सेवा आहे आणि तिच्यात सर्च कन्सोलमधील माहिती थेट आणता येते. दहा मिनिटांचे काम आहे, करून टाकावे.

अक्षरे यंत्राला वाचता येतात का?

मराठी संकेतस्थळांचा हा खास आजार आहे आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

छपाईच्या कामासाठी आपल्याकडे अनेक वर्षे जे देवनागरी फाँट वापरले गेले आणि अजूनही वापरले जातात, त्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. डोळ्याला ‘आंबा’ दिसतो. संगणकाच्या लेखी तेथे काही रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. माहितीपत्रकाचा मजकूर डीटीपी करणाऱ्याकडून घेऊन तसाच संकेतस्थळावर चिकटवला, तर सर्च इंजिनच्या दृष्टीने ते पान कोणत्याच भाषेत नसते. चाचणी सोपी आहे : पानावरचे एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवावे. तेथे मराठी दिसले तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, आहे. अगम्य अक्षरांची माळ दिसली तर आधी रूपांतर करून घ्यावे. रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ती हमखास चुका करतात, त्यामुळे मजकूर एकदा माणसाने वाचावाच लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे मजकुराचे चित्र. दरपत्रक, संपर्क, नोंदणीचे नियम, सगळे एका सुंदर जाहिरातीत मांडून ती जाहिरात जेपीजी स्वरूपात पानावर लावण्याची आपल्याकडे फार आवड आहे. बागायतदाराच्या संकेतस्थळावरचे पहिले दरपत्रक तसेच होते : पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत चार, पाच आणि सहा डझनांच्या पेट्यांचे दर. चित्रातील अक्षरे यंत्राला काही प्रमाणात ओळखता येत असली तरी त्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही, आणि अंध वाचकाच्या फोनलाही ती नीट वाचून दाखवता येतीलच असे नाही. आम्ही तेच दर साध्या तक्त्यात मांडले. चित्र ठेवायचेच असेल तर त्याला पर्यायी मजकूर द्यावा, आणि तो ‘आंबा हापूस देवगड स्वस्त उत्तम’ असा शब्दांचा ढीग नसावा. ‘पेंढ्यात रचलेली पाच डझन हापूसची उघडी पेटी’ असा, चित्रात जे आहे ते सांगणारा असावा.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मराठीत लिहिणाऱ्याने ती जाणून घ्यावी अशी आहे. ‘शेतकऱ्यांकडून’ हा शब्द पाहा. त्यातील अर्धा र काही कीबोर्डांवर खालच्या टिंबाच्या ऱ या स्वतंत्र अक्षरापासून तयार होतो, तर काहींवर साधा र, हलंत आणि एक न दिसणारे जोडचिन्ह यांपासून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आतले संकेत वेगळे असतात. त्यात मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले की ‘शेतकर्यांकडून’ असे, य वर रफार चढलेले, तिसरेच रूप तयार होते. ‘ॲप’ या शब्दाचेही तसेच आहे : पहिले अक्षर एकसंध ॲ असू शकते किंवा अ आणि त्यावर स्वतंत्र अर्धचंद्र असू शकतो. मोठी शोधयंत्रे असे फरक पुष्कळदा सांभाळून घेतात, परंतु आपल्या संकेतस्थळाच्या आतला शोध, ग्राहकांच्या याद्या आणि पत्त्यांचे तक्ते ते सांभाळून घेतीलच असे नाही. सगळा मजकूर एकाच कीबोर्डवरून टंकावा, आणि दुसऱ्याकडून आलेला मजकूर लावण्यापूर्वी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द शोधून सारखे करून घ्यावेत.

पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या संकेतभाषेत लिहिलेले असते तीत, भाषा सांगणारा गुणधर्म असतो. तो मराठीसाठी ‘एमआर’ असा रोमन अक्षरांत लिहावा. गूगल भाषा ओळखते ती मुख्यतः दिसणाऱ्या मजकुरावरून, त्यामुळे यामुळे क्रमांक वर जाईल असे मी म्हणणार नाही. मात्र काही फाँटांमध्ये त्या खुणेमुळे ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे उमटतात, आणि वाचून दाखवणाऱ्या साधनांना उच्चार निवडता येतो. थीम, म्हणजे संकेतस्थळाचा तयार साचा, इंग्रजी असेल तर हा गुणधर्म बहुधा ‘ईएन’ असाच राहून गेलेला असतो.

ग्राहक कोणत्या शब्दांत विचारतो?

व्यवसाय करणारा स्वतःच्या मालाला जे नाव देतो, ते नाव ग्राहक शोधतोच असे नाही. बागायतदाराच्या तोंडी ‘माल’, ‘नग’, ‘लागवड’, ‘बाटा’ असे शब्द असतात. पुण्यातला ग्राहक ‘देवगड हापूस पेटी दर’ असे शोधतो. बेंगळुरूचा ग्राहक इंग्रजीत ‘अल्फान्सो’ टाकतो. आणि फार मोठा वर्ग मराठी शब्दच रोमन अक्षरांत टंकतो, तेही प्रत्येक जण आपापल्या स्पेलिंगने.

याची माहिती मिळवण्यासाठी महागडी साधने घेण्याची लहान व्यावसायिकाला गरज नसते. शोधचौकटीत दोन शब्द टंकून थांबावे आणि गूगल पुढे काय सुचवते ते लिहून घ्यावे. निकालाच्या पानावर ‘लोक हेही विचारतात’ अशा स्वरूपाचा भाग येतो, तोही टिपावा. गूगल ट्रेंड्समध्ये एकाच गोष्टीची दोन नावे समोरासमोर ठेवून कोणते अधिक शोधले जाते आणि वर्षाच्या कोणत्या आठवड्यात, हे पाहता येते. पण सर्वांत मौल्यवान साठा बागायतदाराच्या खिशात होता. त्यांच्या फोनवरचे दोन हंगामांचे व्हॉट्सॲप संदेश आम्ही एका संध्याकाळी बसून वाचले आणि प्रश्न वहीत उतरवले. पेटी आली पण आंबे हिरवे आहेत, आता काय करायचे? फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का? आंबा बाहेरून चांगला, पण कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघाला, तो का? देवगड आणि रत्नागिरी हापूस ओळखायचा कसा? कार्बाइड घातले आहे की नाही हे कळते का?

यांतील प्रत्येक प्रश्न हे एक पान झाले. हिरव्या आंब्यांच्या पानावर अढी कशी लावायची ते लिहिले : गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा थर, देठ कोणत्या बाजूला, रोज कोणते फळ तपासायचे, पिकलेले बाजूला का काढायचे. पांढरट भागाच्या पानाचे शीर्षक ग्राहकाच्या शब्दांत ठेवले आणि पहिल्याच परिच्छेदात सांगितले की कोकणात याला ‘साका’ म्हणतात, ती फळातील विकृती आहे, बाहेरून ओळखू येत नाही, आणि असे फळ निघाल्यास आम्ही काय भरपाई देतो. कार्बाइडच्या पानावर, फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे आणि इथिलीन वायूचा ठरावीक मर्यादेत वापर करण्यास परवानगी आहे, हे नेमके लिहिले. ‘आमचा आंबा शंभर टक्के नैसर्गिक’ हे वाक्य सगळेच लिहितात. त्याने ग्राहकाला कळत काहीच नाही.

येथे एक पथ्य पाळावे. एका पानाने एकाच प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावे, आणि ते उत्तर वरच द्यावे. ‘आंबा हा फळांचा राजा मानला जातो’ अशी प्रस्तावना वाचायला कोणी आलेले नसते. त्याचप्रमाणे ‘पुण्यात हापूस’, ‘ठाण्यात हापूस’, ‘नाशिकमध्ये हापूस’ अशी गावाचे नाव बदलून केलेली तीस पाने काढण्याचा मोह टाळावा. गूगलच्या नियमांत अशा पानांना स्पॅम धरले जाते, आणि २०२४ च्या मार्चपासून यंत्राकडून किंवा भाषांतर करून घाऊक प्रमाणात काढलेल्या निरुपयोगी मजकुराविषयीचे नियमही अधिक कडक झाले आहेत. एखाद्या शहरासाठी खरोखर वेगळे सांगण्यासारखे असेल, जसे पुण्यात पेटी कोणत्या वारी पोचते आणि कोठून घ्यायची, तरच वेगळे पान करावे.

इंग्रजी ग्राहकासाठी इंग्रजी पान स्वतंत्र असावे. एकाच पानावर दोन्ही भाषांची खिचडी करू नये. दोन्ही पानांनी एकमेकांचा पत्ता एचरेफलँग या खुणेने सांगावा, आणि तो दोन्ही बाजूंनी सांगावा, कारण एकतर्फी खूण धरली जात नाही. रोमन अक्षरांतील मराठीत संपूर्ण पाने लिहिणे मला पटत नाही. वाचायला ती त्रासाची होतात. इंग्रजी पानावर ‘हापूस’ हे नाव रोमनमध्ये सहज आले की तो वर्ग बराचसा तेथे पोचतो.

शीर्षक, वर्णन आणि पत्ता

निकालात जी निळी ओळ दिसते ती सामान्यतः पानाच्या शीर्षकातून येते. आमच्या संकेतस्थळावर प्रत्येक पानाचे शीर्षक बागेच्या नावाने सुरू होत होते आणि मुखपृष्ठाचे तर नुसते ‘होम’ होते. ते बदलून ‘देवगड हापूस घरपोच : पेटीचे दर आणि नोंदणी’ असे केले, आणि बागेचे नाव शेवटी नेले. जागा मर्यादित असते, फोनवर तर फारच. म्हणून महत्त्वाचे शब्द आधी यावेत. दोन पानांना एकच शीर्षक नसावे. खालचे वर्णन, म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, क्रम वाढवत नाही, आणि गूगल पुष्कळदा ते बाजूला ठेवून पानातले दुसरेच वाक्य दाखवते. तरीही पेटीचे आकार, पाठवण्याचे वार आणि नोंदणीची रीत सांगणारी दोन स्वच्छ वाक्ये लिहिली की वाचणाऱ्याला उघडावेसे वाटते. मेटा कीवर्ड्सचा रकाना मात्र रिकामा सोडावा. क्रम ठरवताना आपण तो वापरत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे; अजूनही तो भरण्याचे पैसे मागणारे भेटतात.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा का, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. गूगलला देवनागरी पत्ता चालतो. अडचण माणसांची आहे. ‘हापूस’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने पाच चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात, आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे पाच चिन्हांच्या शब्दासाठी ४५ अक्षरे. असा दुवा संदेशातून पाठवला की ओळीच्या ओळी भरतात आणि आलेल्या माणसाला ती फसवणूक वाटते. शिवाय वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या त्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा असल्यामुळे साधारण बावीस देवनागरी चिन्हांनंतर, काना-मात्रा धरून, शीर्षक मध्येच तुटते. म्हणून मी पत्ते रोमनमध्ये, दोन-तीन शब्दांचे, आडव्या जोडरेषेने जोडलेले ठेवतो. सूचीत गेलेल्या जुन्या पानांचे पत्ते केवळ सुबकपणासाठी बदलू नयेत. बदलावेच लागले तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ क्रमांकाचे कायमचे वळण लावावे आणि ते किमान वर्षभर, शक्य असल्यास कायम, ठेवावे.

वेग

गूगल पानाची फोनवरची आवृत्तीच सूचीसाठी वाचते, त्यामुळे संगणकावर देखणे आणि फोनवर अर्धे कापलेले पान हे कापलेलेच धरले जाते. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकला की तीन आकडे मिळतात. पानातील सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा, आणि पान उघडत असताना मजकूर वरखाली सरकण्याचे मान ०.१ पेक्षा कमी असावे. आमच्या मुखपृष्ठावर फोनने काढलेले बागेचे सहा फोटो मूळ आकारात लावलेले होते. ते लहान करून वेबपी या हलक्या चित्रस्वरूपात ठेवले, प्रत्येकाची लांबी-रुंदी लिहिली, आणि निम्मा प्रश्न तेथेच मिटला. देवनागरी फाँटांमध्ये जोडाक्षरांचे शेकडो आकार असल्याने त्यांच्या फाइली जड असतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटाची साधी आणि ठळक अशी दोनच वजने घ्यावीत. आकडे हिरव्या रंगात आले की थांबावे. शंभरपैकी शंभर गुण मिळवण्याच्या नादात घालवलेला वेळ पानातील मजकुरावर घालवणे अधिक फायद्याचे असते.

नकाशावरची नोंद

ग्राहक प्रत्यक्ष येत असेल किंवा ठरावीक भागात सेवा दिली जात असेल, तर गूगल बिझनेस प्रोफाइल, ज्याला २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस म्हणत, हे संकेतस्थळाइतकेच महत्त्वाचे ठरते. स्थानिक निकालांचा क्रम समर्पकता, अंतर आणि ठळकपणा या तीन गोष्टींवर ठरतो असे गूगल सांगते. अंतर आपल्या हातात नाही. बाकीचे दोन काही प्रमाणात आहेत. वर्ग अचूक निवडावा, वेळा खऱ्या लिहाव्यात, हंगाम संपला की तसे नोंदवावे, आणि दूरध्वनी व पत्ता संकेतस्थळावर आहे तोच, त्याच स्वरूपात द्यावा. व्यवसायाच्या नावात ‘उत्तम देवगड हापूस आंबा विक्रेते’ अशी शेपटी जोडू नये. पाटीवर जे नाव आहे तेच नाव लिहिण्याचा नियम आहे आणि तक्रार झाल्यास नोंद बंदही होते. अभिप्राय मागायला हरकत नाही, पण त्याबदल्यात सवलत देणे नियमाबाहेर आहे. आम्ही पेटीत एक चिठ्ठी ठेवतो आणि तिच्यावर अभिप्रायाचा क्यूआर कोड असतो. वाईट अभिप्राय आला तर बागायतदार स्वतः, शांतपणे, मराठीत उत्तर लिहितात. ती उत्तरे नवे ग्राहक वाचतात असा अनुभव आहे.

दुवे, आणि दुवे विकणारे

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल सुरू केले तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा हे एक प्रकारचे मत मानावे, आणि ज्याला स्वतःला अनेक मते मिळाली आहेत त्याच्या मताला अधिक वजन द्यावे. त्यानंतर शेकडो गोष्टी बदलल्या, पण चांगल्या ठिकाणाहून आलेल्या दुव्याचे महत्त्व उरले आहे. त्यामुळेच हजारो बॅकलिंक, म्हणजे बाहेरून आपल्याकडे येणारे दुवे, काही हजार रुपयांत देण्याचे आणि ‘महिन्यात पहिला क्रमांक’ मिळवून देण्याचे फोन दर आठवड्याला येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. विकतचे दुवे ओळखण्यासाठी गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला आणि तेव्हापासून अशा दुव्यांचा फायदा तर होत नाहीच, प्रसंगी संकेतस्थळ खाली जाते. एका उत्साही नातेवाइकाने आमच्यासाठी असे एक पॅकेज घेतले होते. दुवे आले ते परदेशी जुगाराच्या पानांवरून. त्यांचा उपयोग शून्य, आणि पैसे गेले ते गेले.

खरा दुवा मिळतो तो ओळखीतून आणि उपयोगातून. गावातील घरगुती निवास चालवणाऱ्यांना आम्ही बाग पाहण्याची सोय दिली आणि त्यांनी आपल्या संकेतस्थळावर तसे लिहिले. खरेदी-विक्री संघाच्या सभासदांच्या यादीत नाव होते, तेथे पत्ता जोडून घेतला. अढीच्या पानाचा उल्लेख पाककृती लिहिणाऱ्या एका बाईंनी आपणहून केला, आणि एवढ्या वर्षांत सर्वाधिक वाचक आणणारा दुवा तोच ठरला.

विश्वास दाखवणारी माहितीही दुव्यांइतकीच जपावी. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या बागायतदाराने त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे, त्याने नोंदणीचा क्रमांक पानावर, मजकुरात लिहावा. पाने कोणी लिहिली, बाग कोठे आहे, पैसे परत कसे मिळतात, हे शोधावे लागू नये. स्कीमा पद्धतीची संरचित माहिती, म्हणजे यंत्राला समजेल अशा ठरावीक साच्यातील नोंद, वस्तू, दर आणि व्यवसाय यांसाठी भरावी. प्रश्नोत्तरांच्या स्कीमाने निकालात खास जागा मिळते असे अजून कोणी सांगत असेल, तर गूगलने २०२३ मध्येच ती सोय बहुतांश संकेतस्थळांसाठी बंद केली होती, हे त्याला सांगावे.

मोजणी आणि हंगाम

सर्च कन्सोलच्या कामगिरी अहवालात कोणत्या शब्दांवर आपले पान किती वेळा दिसले, किती वेळा उघडले गेले आणि सरासरी कितव्या जागी होते, हे कळते. ही माहिती सोळा महिन्यांपुरतीच साठवली जाते, म्हणून हंगाम संपला की ती उतरवून ठेवावी. पुढच्या वर्षी एप्रिलची तुलना एप्रिलशीच करता आली पाहिजे. जूनमध्ये आकडे कोसळले म्हणून घाबरण्यात अर्थ नाही, तेव्हा हापूस कोणी शोधतच नाही. पान पुष्कळदा दिसते पण उघडले जात नाही, अशा ठिकाणी शीर्षक आणि वर्णन सुधारावे. आठव्या ते पंधराव्या जागी असलेले पान सर्वांत कमी श्रमांत वर येते, कारण यंत्राने ते विषयाशी संबंधित मानलेलेच असते. तेथे उत्तर अधिक पूर्ण करावे आणि संकेतस्थळातील इतर पानांवरून त्याला दुवे द्यावेत. बदल केल्यावर निदान काही आठवडे थांबावे. रोज शीर्षक बदलणाऱ्याला कशाने काय झाले हे कधीच कळत नाही.

हंगामी व्यवसायाने एक चूक कटाक्षाने टाळावी. दरवर्षी नव्या सालाच्या नावाने दराचे नवे पान काढायचे आणि जुने पुसून टाकायचे, ही रीत आम्ही पहिली दोन वर्षे पाळली, आणि प्रत्येक फेब्रुवारीत आम्ही पुन्हा शून्यावर असायचो. आता दराचे पान एकच आहे, पत्त्यात साल नाही, आणि हंगाम नसताना त्यावर गेल्या वर्षीचे दर व नोंदणी कधी सुरू होईल हे लिहिलेले असते. जून महिन्यात पेट्यांचे पैसे आणि परताव्यांचे हिशेब मिटले की आम्ही त्या हंगामातले व्हॉट्सॲपचे नवे प्रश्न वहीत उतरवतो, पावसाळ्यात त्यांची पाने लिहितो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कलमांना मोहोर धरू लागतो तोवर ती सूचीत गेलेली असतात.